रुमालाखालची बोटं

आमच्या गावात दोन माणसं समोरासमोर आली की पहिला प्रश्न ठरलेला असे, "जेवनात का?" सकाळचे आठ वाजलेले असोत की दुपारचे चार. उत्तरासाठी कोणी थांबत नसे. मान हलवली की पुरे, दोघं आपापल्या वाटेला.

गावातल्या एका बाईनं मात्र हा प्रश्न कधी कोणाला विचारला नाही. ती विचारायची, "भूक शे का?", भूक आहे का, आणि मग थांबायची. खरोखर थांबायची, उत्तर येईपर्यंत. एकदा एका घरची सून ओट्यावर बसून शेव खात होती. तिला हिनं भर गल्लीत विचारलं. सून जरा विचार करून म्हणाली, "नही, जिजी."

"मंग शेवले भूक लागनी का?"

एवढं बोलून ती पुढे गेली. सुनेची सासू महिनाभर तिच्याशी बोलली नाही. आणि हातात काही खायचं असलं, की ती दिसताच पुष्कळजण गल्ली बदलायचे.

गाव तिला मागून घोडीवाली म्हणायचं आणि तोंडावर जिजी. मीही जिजीच म्हणायची. साठीची, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. अंगावर गडद लुगडं आणि त्यावर, चैत्रातसुद्धा, नवऱ्याचा खाकी कोट. नवरा घोडे शिकवायचा. तो गेला, घोडे विकले गेले, कोट राहिला. पुढे तिनं एक घोडी आणली. कोटाच्या एका खिशात दोरी आणि दुसऱ्यात भिजवलेले हरभरे, त्यामुळे तो खिसा कायम ओला. माणसांशी ती कमीच बोलायची, आणि जे बोलायचं तेही घोडीला सांगायची. "सांग हाईले, कवाड लोट म्हना." घोडी काही सांगायची नाही, पण कवाड आम्ही लोटायचो.

लग्नाच्या वरातीसाठी घोडी मागायला लोक यायचे. नुसती मागून मिळायची नाही. नवरदेवाला स्वतः यावं लागे आणि जिजी त्याला अंगणात चालायला लावायची. "त्या निंबलगून जाय, आनि परत ये." एकदा धुळ्याला शिकलेला एक नवरदेव छाती काढून कडुनिंबापर्यंत गेला आणि आला. जिजीनं घोडीकडे पाहिलं, घोडीनं कान मागे घेतले. "भाऊ, तू बैलगाडीवर जाय," जिजी म्हणाली. तो बैलगाडीवरच गेला. पुढे त्याची बायको पाणवठ्यावर सांगायची की माणूस वाईट नाही, पण घोडीचं बरोबर होतं.

आज मी त्या गावात राहत नाही. पण कोणी जेवायचा आग्रह करू लागलं की माझा उजवा हात आपोआप पदराखाली जातो आणि मी मनातल्या मनात बोटं मोजते. ते का, हे सांगायचं तर मला माझ्याबद्दलही थोडं सांगावं लागेल. मला ते फारसं आवडत नाही, म्हणून थोडक्यात सांगते.

माझे वडील रेल्वेत होते. आई मी लहान असताना गेली. वडिलांची बदलीची नोकरी, म्हणून मी नाशिककडच्या एका इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात वाढले. पुढे दोन वर्षं कॉलेज झालं. इंटरचा निकाल लागला आणि त्याच आठवड्यात वडील गेले. वडिलांची मोठी बहीण म्हणून फुई मला न्यायला आली. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. तापीच्या अलीकडच्या काठावर तिचं घर, कापूस आणि केळीची शेती, भरलेलं अंगण. तेव्हा आमचा जिल्हा पश्चिम खानदेश होता.

फुईचं माझ्यावर प्रेम होतं आणि ते ताटातून यायचं. "खाई ले, पोर. बाप गया, पोट थोडं गया?" असं म्हणत ती तिसरी भाकरी वाढायची. तिला दुसरं काय करावं हे कळत नव्हतं आणि मला तिच्याशी काय बोलावं हे कळत नव्हतं. घरात सगळे अहिराणी बोलायचे. मी शाळेतलं मराठी बोलले की बायका एकदम गप्प व्हायच्या, तलाठी दारात आल्यासारख्या. मग मी बोलणं कमी केलं. गावानं माझं नाव 'इंग्रजी' ठेवलं, आणि मी ज्या भाषेत सहा महिने कोणाशी एक वाक्य बोलले नव्हते त्या भाषेच्या नावानं हाक मारली की ओ देऊ लागले.

आणि मी खात होते. ताटातलं नव्हे, ते सगळ्यांना दिसायचं. दुपारी घर झोपलं की मी कोठीच्या खोलीत जायची. गूळ, शेंगदाणे, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, तेही न भाजलेले, तूप घातलेली साखर, जे हाताला लागेल ते. उभ्यानं, पटापट. चव लागायची नाही. फक्त डोकं तेवढा वेळ गप्प व्हायचं, वडिलांच्या शेवटच्या पत्रातली एक ओळ सारखी ऐकू यायची, ती थांबायची. नंतर तोंड पुसून बाहेर आले की दुप्पट लाज. वर्षभरात माझी पोलकी दोनदा उसवून मोठी केली.

पावसाळा संपता संपता नदीपलीकडच्या तालुक्याच्या गावाहून पत्र आलं. तिथल्या मुलींच्या शाळेला इंग्रजी शिकवायला बाई हवी होती. मोठ्या बाईंनी भेटायला बोलावलं होतं. मला ती नोकरी हवी होती. त्या वर्षात मला हवीशी वाटलेली ती एकच गोष्ट. आमच्या गावापाशी पूल नव्हता, नाव होती. मी धुतलेली साडी नेसून काठावर गेले, नावेत पाय ठेवला, नाव कलली, आणि नावाडी मधल्या फळीकडे बोट दाखवत सहज म्हणाला, "ओ इंग्रजी बहीन, तू मझार बठ. कडले बठशी तर आम्ही समदा तापीमायमा."

सगळे हसले. वाईट मनानं नव्हे. एक म्हातारे तर म्हणाले, "बठाडा मझार, नाव ठाव धरी." मीही हसल्यासारखं केलं, काही तरी विसरलं म्हणाले आणि उतरले. घरी जाऊन कोठीत गेले. शाळेला आजारी असल्याचं कळवलं. त्यानंतर वर्षभर मी नावेजवळ गेले नाही.

नावेतली ती गोष्ट फुईला कोणीतरी सांगितली. तिनं त्याच दिवशी कोठीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. तिच्या मते हाच उपाय. ताटातली तिसरी भाकरी मात्र चालूच राहिली.

कुलूप लागल्यावर मी काय केलं ते लिहिताना आजही कान गरम होतात. फुईच्या परसाला लागून जिजीचा गोठा होता, मध्ये कमरेएवढी भिंत. गोठ्यात एका मडक्यात घोडीचा गूळ असायचा. चौथ्या दिवशी दुपारी मी भिंत ओलांडून गेले आणि घोडीच्या समोर उभी राहून घोडीचा गूळ खाऊ लागले. घोडी नुसती बघत होती. मडक्यात पुन्हा हात घातला तेव्हा पलीकडे खाकी बाही दिसली.

"घोडीना गूळ गोड लागना का?"

माझ्या तोंडात गूळ होता.

"भूक शे का?"

आणि ती थांबली. नेहमीसारखीच. मी तिच्याकडे पाहिलं तर तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कीवही नव्हती. आजारी जनावराकडे बघावं तसं ती बघत होती, म्हणजे लक्ष देऊन. मला रडायला आलं, पण उत्तर येईना. अहिराणीत येईना, मराठीत येईना.

तेव्हा तिनं कोटाची कड उचलली आणि आपला हात त्याच्याखाली पुढे केला. "दे हात."

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. भोवती शंभर माणसं असली तरी कोणाला कळत नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. जिजीनं सांगितलं.

"एक बोट म्हन्जे जरासं. पाच म्हन्जे सोसवत नही. बोलू नको. धर."

मी तिची पाचही बोटं धरली. सोडवेनात.

"हं," ती म्हणाली. "पाचले दवा भाकर नही." मग घोडीकडे वळून, "सांग हाईले, चाल म्हना."

आम्ही नदीवर गेलो. पुढे घोडी, मग जिजी, मागे मी आणि माझ्याही मागे एक शेळी, तिचं काय काम ते मला कळेना. जाताना उतार होता. येताना दरड चढायची होती. मी सात वेळा थांबले. जिजी चल म्हणाली नाही की दम धर म्हणाली नाही. मी थांबले की घोडी थांबायची, घोडी थांबली की जिजी. घरी पोचलो तेव्हा तिनं पुन्हा हात पुढे केला. मी दोन बोटं धरली.

"दोनले काई करनं पडत नही," ती म्हणाली आणि आत गेली.

शेळीचं कोडं मला पुढच्या आठवड्यात उलगडलं. ती घोडी जिजीनं यात्रेतून आणली तेव्हा गाव हसलं होतं. देखणी घोडी, पण गव्हाणीचं लाकूड चावायची आणि हवा गिळायची. पुढे दाणावैरण पडलेली असली तरी. आधीच्या मालकानं तिच्या गळ्याला पट्टा आवळून बांधला होता, त्याचा वण अजून दिसायचा. तोंडाला मुसकंही बांधलं होतं. जिजीनं पट्टा काढला, मुसकं फेकलं आणि शेजारी एक शेळी आणून बांधली. बस. पंधरा दिवसांनी लाकूड चावणं कमी झालं, दोन महिन्यांत थांबलं.

"हाईले भूक नव्हती," जिजी घोडीच्या मानेवर हात फिरवत म्हणाली. "हाईले कोन्ही नव्हतं."

मी शेळीकडे पाहिलं. मग विचारलं, "जिजी, माझी शेळी कोण?"

"मी नही का?" असं ती अगदी साधेपणानं म्हणाली आणि वैरण घालायला वाकली.

त्या दिवसापासून आमचं ठरून गेलं. ठरलं असं कोणी म्हणालं नाही. आत काही उसळू लागलं की मी परसात जायची. जिजी भिंतीपलीकडून कोटाखाली हात करायची. आधी प्रश्न तोच, भूक आहे का. असली तर ती भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी द्यायची, तीही बसून खायला लावायची, उभ्यानं नाही. भूक नसली तर बोटं. तीनच्या वर गेली की नदी. कधी दिवसातून दोनदा नदी, एकदा तर तीनदा. तिनं मला कधी म्हटलं नाही की हे खाऊ नको, ते सोड. स्वतःही ती सगळं खायची. फक्त जेवण झालं की ताटाकडे बघून मोठ्यानं म्हणायची, "पुरनं." म्हणजे पुरे झालं. जणू ताटच आग्रह करत होतं आणि त्याला थांबवायला हवं होतं. आधी मला ते वेड वाटायचं. मग एक दिवस फुईनं चौथी भाकरी वाढायला हात पुढे केला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पुरनं." फुईचा हात तसाच राहिला. भाकरीपेक्षा तिला माझ्या तोंडच्या अहिराणीचं नवल वाटलं असावं.

गाव अर्थातच गप्प बसलं नाही. घोडीवालीकडे आता दोन घोड्या झाल्या, असं ओट्यावरचे म्हणू लागले. एकदा एकजण आमच्यासमोरच म्हणाला, "जिजी, दोन घोड्या पोसी ऱ्हायनी का?"

"हा," जिजी न थांबता म्हणाली. "आनि एक इंग्रजी बोलस. तुन्हा घरमा शे का अशी?"

"नही," तो म्हणाला. मला त्या दिवशी हसू आलं, आणि वर्षात पहिल्यांदा ते मी आवरलं नाही.

कापसाच्या दिवसांत फुईच्या अंगणात मोठा काटा टांगला होता. गठ्ठे तोलून झाले की पोरंसोरं हौसेनं त्यात बसून वजन करून घेत. फुईनं मला हाक मारली. "बठ वं, देखू किती उतरनी." मी खांबामागे सरकले. जिजी भिंतीवरून म्हणाली, "घोडी काटावर नही तोलतस. चालाडीसन देखतस." फुई चिडली. "मन्ही भाची काय घोडी शे?" जिजीनं मला नुसती खूण केली. मी निघाले. त्या दिवशी दरड चढताना मी तीनदा थांबले. आमचं मोजमाप ते होतं. माझं वजन किती होतं आणि किती झालं, हे मला खरंच माहीत नाही.

हे सगळं सरळ चढत गेलं असतं तर मी कदाचित लिहिलंही नसतं. आखाजी आली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या सगळ्या लेकी माहेरी येतात. गल्लीगल्लीत झोके बांधले जातात, बायका गाणी म्हणतात. फुईच्या लेकी आल्या. शेजारच्या आल्या. बाप बैलगाडी घेऊन मुलीला आणायला जायचे आणि गाडी दारात आली की लहान मुलासारखे ओरडायचे. मी दिवसभर चांगली होते. झोक्यावर बसा म्हणाल्या, बसलेही. दुपारी एका मुलीचे वडील तिच्या पायातला काटा काढत ओट्यावर बसलेले दिसले. मी घरात गेले. सणाचे दिवस, कोठी उघडी होती. सांजोऱ्यांचा डबा मी जवळजवळ संपवला.

नंतर तीन दिवस मी परसात गेले नाही. मला वाटलं, झालं, सहा महिने पाण्यात गेले. पलीकडून जिजीच्या हालचाली ऐकू यायच्या. ती मला हाक मारत नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी पुढच्या दाराशी टापांचा आवाज आला. जिजी कधी कोणाच्या पुढच्या दारी जात नसे. ती घोडी घेऊन अंगणात उभी होती, शेळीसकट, आणि माहेरवाशिणी पदर तोंडाला लावून बघत होत्या.

"घोडी इचारी ऱ्हायनी, इंग्रजी कोठे गयी," ती फुईला म्हणाली.

मी बाहेर आले. तिनं सगळ्यांच्या देखत कोटाखाली हात केला. मी एक हात घातला, मग दुसराही घातला.

"दहा?" जिजीनं घोडीकडे पाहिलं. "दहाना भाव आजलगून मी आयका नही."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. मग मी बोलले ते वर्षभरातलं माझं सगळ्यात मोठं बोलणं. सगळ्यांसमोर, मोडक्यातोडक्या अहिराणीत. सांजोऱ्या मी खाल्ल्या. कोठीतला गूळही मीच खात होते. घोडीचासुद्धा. भुकेनं नाही. फुई ऐकत होती. मला वाटलं ती रागावेल. ती आत गेली आणि डब्यातली उरलेली एक सांजोरी थाळीत घेऊन आली. बहुतेक तिला अजूनही दुसरं काय करावं हे सुचत नव्हतं.

जिजी ओट्यावर बसली. सांजोरी मधोमध मोडली आणि अर्धी मला दिली. "आते आठे बठ. समदास्ना सामने खाय. हाऊ सण तुन्हा बी शे."

मी खाल्ली. हळूहळू, बसून, दहाजणींच्या नजरेसमोर. ती सांजोरी गोड होती, खसखस घातलेली. आधीच्या सगळ्या डब्यात मला ती खसखस लागली नव्हती. शेवटचा तुकडा संपला आणि मी थाळीला म्हणाले, "पुरनं." एक माहेरवाशीण फिसकन हसली, मग सगळ्याच हसल्या, मीही.

त्या संध्याकाळी फुईनं कोठीचं कुलूप काढलं नाही. तिनं किल्ली कमरेतून काढली आणि माझ्या कमरेला खोचली. "वाढानं काम आते तुन्ह," एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळानं, पाठमोरीच, "तुन्हा बाप बी असाच व्हता. बोले नही. खाये." वडिलांबद्दल ती माझ्याशी बोलली ते त्या दिवशी पहिल्यांदा. आम्ही दोघी बऱ्याच उशिरापर्यंत चुलीपाशी बसलो आणि काही खाल्लं नाही.

किल्ली माझ्याकडे आल्यावर मी कोठीत पुन्हा कधीच गेले नाही असं नाही. दोनदा गेले. पण दोन्ही वेळा गुळाचा खडा हातात घेऊन आधी परसात आले आणि भिंतीपलीकडे हाक मारली. एकदा खडा घोडीला मिळाला. एकदा मला खरंच भूक होती.

त्या पावसाळ्यात मी दरड न थांबता चढले. चिखल होता, घोडीच घसरली, मी नाही. जिजी वर आल्यावर म्हणाली, "घोडीले सांग, आते ती मांगे ऱ्हायनी." माझी पोलकी मी स्वतः बसून आत घेतली. काडी काही मी झाले नव्हते, आजही नाही. पण पायांखालची जमीन मला कळू लागली होती आणि ओट्यावरच्या बायका मी आले म्हणून गप्प होत नव्हत्या.

दिवाळीनंतर मी स्वतःच शाळेला पत्र लिहिलं. मागच्या वर्षी मी आजारी नव्हते, घाबरले होते, असं त्यात लिहिलं होतं. ते वाक्य मी चार वेळा खोडलं आणि चार वेळा पुन्हा लिहिलं. मोठ्या बाईंचं उत्तर दोन ओळींचं आलं. जागा अजून रिकामी आहे, सोमवारी या.

सोमवारी सकाळी जिजी, घोडी आणि शेळी मला काठापर्यंत सोडायला आल्या. फुईनं भाकरी बांधून दिली होती, दोनच. नाव भरत होती. जिजीनं कोटाखाली हात केला. मी एक बोट दाबलं.

"एक?"

"एक. भेव वाटी ऱ्हायनं."

"एक तर समदास्ले ऱ्हास."

ती हात काढून घेणार होती. मी तो सोडला नाही. वर्षभर दररोज मी तिच्या हातात माझा भाव सांगत आले होते आणि उलटा प्रश्न विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

"आनि तुन्ह, जिजी?"

ती नदीकडे पाहू लागली. मला वाटलं, घोडीला काही तरी सांगेल. पण कोटाखाली तिची खरखरीत बोटं एकेक करून माझ्या बोटांवर आली. एक. दोन. तीन. चार. थोड्या वेळानं पाचवं.

"नाव निंघी ऱ्हायनी," ती मोठ्यानं म्हणाली.

"पाचले दवा काय?" मी विचारलं.

ती अजून नदीकडेच बघत होती.

"चाल मंग," मी म्हणाले. आणि आम्ही हात न सोडता त्या वाळूत नावेपर्यंत चालत गेलो, तीस-चाळीस पावलं असतील, मागे घोडी आणि तिच्या मागे शेळी. नावेपाशी तिची पकड थोडी सैल झाली. "शनवारले येसू," मी म्हणाले. तिनं मान हलवली.

मी नावेत पाय ठेवला. नावाडी तोच होता. सवयीनं म्हणाला, "इंग्रजी बहीन, मझार बठ."

"मी कडले बठसू, दादा," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग काठावर उभ्या असलेल्या जिजीकडे पाहिलं, आणि वल्हं बाजूला करून जागा दिली. मी काठाला बसले. नाव कलली, कोणीही बसलं की कलते तेवढी, आणि सरळ झाली. वाऱ्यानं पाण्याचे चार थेंब तोंडावर आले. मधोमध बसलेल्याला ते लागत नाहीत.

पलीकडची दरड मी एका दमात चढले. वर जाऊन वळून पाहिलं. नदीपार, वाळूवर, खाकी कोट चालत होता. नावेच्या जागेपासून वरच्या वळणापर्यंत, आणि परत. घोडी आणि शेळी मागे. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती आपलं औषध घेत होती.

शाळेच्या फाटकावर अजून मुंबई राज्याची पाटी होती आणि एक रंगारी शिडी लावून ती खरवडत होता. मोठ्या बाईंनी मला फळ्यापाशी उभं केलं आणि तीस मुलींना शिकवायला सांगितलं. त्यांनी विचारलं, या मुली अहिराणी बोलतात, तुम्हाला जमेल का. मी मुलींकडे वळून अहिराणीत विचारलं, कोणाला भूक लागली आहे का. सगळ्या हसल्या, आणि मागच्या बाकावरच्या एका गुबगुबीत मुलीनं हात वर केला. मी फुईच्या दोनपैकी एक भाकरी तिला दिली आणि खाली बसून खायला सांगितलं. मग धडा सुरू केला.

शनिवारी दुपारी मी नावेच्या काठाला बसूनच परत आले. जिजी वाळूवर उभी होती. जवळ गेले तर यावेळी मी न विचारताच कोटाखाली तिची बोटं माझ्या बोटांवर आली. मी मोजली.

दोन होती.